मोडी लिहिणारा ‘निरक्षर’

१/ गेल्या आठवड्यात चांदवडच्या माझ्या एका मित्राचा आयईएलटीएसचा निकाल आला. लेखनात ६, विद्यापीठाला हवे होते ६.५. “मराठी माध्यमाची मुले, दुसरे काय होणार!” हा अभिप्राय त्याच्याच नातलगांचा. हा धागा त्या अभिप्रायाविरुद्ध आहे.

२/ देशाच्या दारावर भाषा तपासण्याची प्रथा शिक्षणशास्त्रातून आलेली नाही. मुंबईहून निघालेली ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ ही जहाजे डिसेंबर १८९६ मध्ये डरबनला पोहोचली. ‘कुरलँड’वर गांधीजी होते. मुंबईतील प्लेगचे निमित्त करून प्रवाशांना तीन आठवड्यांहून अधिक काळ उतरू दिले नाही. बंदरावर गोऱ्यांचा विरोध पेटला होता.

३/ हिंदी माणसेही राणीचीच प्रजा. वर्णाचे नाव घेऊन त्यांना अडवणे लंडनला गैरसोयीचे होते. म्हणून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ च्या कायद्यात युक्ती योजली : येणाऱ्याने युरोपीय भाषेच्या लिपीत स्वहस्ते अर्ज लिहून दाखवावा. वर्णाचा उल्लेखच नाही! ज्या मोडीत होळकरांचा कारभार चालला, ती सफाईने लिहिणारा मनुष्य या कायद्यापुढे निरक्षर ठरत होता. (रंगमहालाच्या गावात वाढलेल्याला हे जरा अधिक टोचते.) वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी त्याच वर्षी हा नमुना इतर वसाहतींपुढे ठेवला.

४/ ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये तो उचलला : ५० शब्दांचे श्रुतलेखन, आणि भाषा अधिकारी निवडणार. १९३४ मध्ये एगॉन किश हा बहुभाषी पत्रकार नकोसा झाला, तेव्हा त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये लिहायला सांगितले. ती कायद्याला अभिप्रेत युरोपीय भाषाच नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायपीठाने दिला. तरीही चाचणी १९५८ पर्यंत टिकली.

५/ आजच्या परीक्षेशी ही तुलना अन्यायाची, असे कोणी म्हणेल. अंशतः मान्य. आज परीक्षक माणूस पाहून भाषा बदलू शकत नाही, निकष जाहीर असतात, आणि व्याख्यान समजण्याइतके इंग्रजी यायलाच हवे. ब्रिटनच्या व्हिसासाठी ज्यांच्या नागरिकांना चाचणी माफ आहे, त्या देशांत अमेरिकेबरोबर जमैकाही आहे; म्हणजे प्रश्न निव्वळ वर्णाचा उरलेला नाही. भारत मात्र त्या यादीत नाही.

६/ परंतु ६ आणि ६.५ यांमधील रेषा भाषेने आखलेली नाही, प्रवेश देणाऱ्याने आखली आहे. तोच ६ दुसऱ्या विद्यापीठात पुरतो. साठ मिनिटांतील दोन लेखनकृतींवरून त्या दिवसाचे, त्या साच्यातले इंग्रजी कळते. बुद्धी कळत नाही, शाळेचे माध्यम तर नाहीच. निकालही साधारण दोन वर्षेच ग्राह्य. त्यावर माणसाची कायमची किंमत कशी ठरवता?

७/ मित्र पुन्हा शुल्क भरून परीक्षेला बसणार आहे. दरम्यान जमिनीचे जुने मोडी दस्त वाचून घ्यायला तेच नातलग त्याच्याच दारी येतात.