विश्लेषण : गाडी दारात, चावी मात्र इंटरनेटवर

शेलूबाजारहून समृद्धी महामार्गावर निघालेला ट्रक कुठवर पोहोचला, हे मालकाला मंगरुळपीरमध्ये बसून मोबाइलवर दिसते. चोरी झालीच, तर एका संदेशावर इंजिन बंद करण्याचीही सोय असते. प्रश्न एवढाच, की तोच संदेश दुसऱ्या कोणी पाठवला तर?

ही निव्वळ शंका नाही. जुलै २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी महामार्गावर धावणारी जीप चेरोकी घरात बसून लॅपटॉपवरून निकामी केली. ते आत शिरले गाडीतील म्युझिक सिस्टीमच्या मोबाइल नेटवर्कमधून. त्यानंतर कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. २०२४ मध्ये अमेरिकेतील किआ गाड्यांबाबत तर नुसता नंबरप्लेटवरचा क्रमांक पुरेसा ठरत असल्याचे संशोधकांना आढळले. ती त्रुटी नंतर दूर करण्यात आली.

हे शक्य कसे होते?

गाडीतील इंजिन, ब्रेक सांभाळणारे छोटे संगणक ‘कॅन’ या जाळ्यातून एकमेकांना आदेश देतात. बॉश कंपनीने १९८० च्या दशकात ही पद्धत आणली, तेव्हा गाडीचा बाहेरच्या जगाशी संबंधच नव्हता. त्यामुळे आदेश नेमका कोणाचा, हे तपासण्याची तजवीज तिच्यात मुळातच नाही. घरातली माणसे एकमेकांना ओळखपत्र मागत नाहीत, तसेच हे. आता त्याच घराला सिमकार्डचे दार बसले आहे.

वाशीमला काय धोका?

वाशीमसारख्या जिल्ह्यात महागड्या कारपेक्षा अधिक काळजी करायला हवी ती जुन्या जीप, ट्रक, ट्रॅक्टरला बाहेरून बसवल्या जाणाऱ्या स्वस्त जीपीएस यंत्रांची. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ‘मायकोडस एमव्ही ७२०’ या चिनी यंत्राबाबत इशारा दिला. त्याचा मूळ पासवर्ड होता १२३४५६! शिवाय काही आदेश पासवर्डशिवायही चालत. दूर बसून गाडीचा माग काढता येई, इंधनपुरवठाही तोडता येई.

आपल्याकडे प्रवासी वाहनांसाठी एआयएस-१४० मान्यतेचे यंत्र बंधनकारक आहे. नव्या गाड्यांच्या सायबर सुरक्षेसाठी एआयएस-१८९ या मानकाचा मसुदाही आला. पण त्याचा रोख गाडी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. गॅरेजमध्ये तासाभरात बसणाऱ्या डब्याची परीक्षा कोण घेणार? खरी पळवाट इथेच आहे आणि ती परिवहन विभागाने बुजवायला हवी.

तोवर मालकाने यंत्र बसवतानाच पासवर्ड बदलावा आणि इंजिन बंद करण्याची जोडणी गरज नसेल तर करूच नये. जुनी गाडी घेणाऱ्याने आधीच्या मालकाचे ॲप खाते काढून टाकल्याची खात्री करावी. अन्यथा विकलेली गाडी त्याच्या मोबाइलवर दिसतच राहू शकते. आरटीओत नाव बदलताना फॉर्म २९ आणि ३० भरून घेतात. त्यात या खात्यासाठी रकाना नाही.