अधिवेशनात एक सत्र कृतीचे
आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ साली प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली आणि तीत लोकसहभागाला स्थान दिले. संग्रहालयांची अधिवेशने मात्र अजूनही बहुधा निबंधवाचनातच संपतात. प्रत्येक अधिवेशनात निदान एक सत्र कृतीचे असावे. एखादी वस्तू समोर ठेवून अभिरक्षक, मार्गदर्शक आणि पहारेकरी यांनी मिळून तिची माहितीपाटी लिहावी. ती शाळकरी मुलांकडून वाचून घ्यावी आणि मुले जेथे अडखळतील तेथे ती सुधारावी. यास पैसा फारसा लागत नाही. प्रेक्षकांच्या शंका दिवसभर ऐकणाऱ्या पहारेकऱ्याला अधिवेशनाचे निमंत्रण क्वचितच मिळते. त्याच्यापाशी साठलेले हे ज्ञान वाया दवडणे, हीच खरी उधळपट्टी होय.