मदरबोर्ड गेला म्हणण्याआधी

गेल्या जानेवारीत, लेहच्या ऐन थंडीत, आमचे सुभेदार साहेब एका संध्याकाळी काखेत लॅपटॉप घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"सर, चालूच होत नाही. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. बावीस हजार लागतील."

साहेब साताऱ्याकडचे. लॅपटॉप सहा वर्षांपूर्वी अडतीस हजारांना घेतलेला. त्यात मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो, आणि दुसरी प्रत कुठेच नाही.

"त्यानं तपासलं काय काय?"

"बटण दाबून पाहिलं, सर."

माझा आक्षेप इथेच आहे. रायफल अडली तर जवान ती लगेच आर्मररकडे नेत नाही. आधी स्वतः इमिजिएट अ‍ॅक्शन करतो. खडकवासल्याला ही सवय आमच्या हातात भिनवली गेली. पण लॅपटॉप अडला की आयुष्यभर शस्त्रं सांभाळलेली माणसंसुद्धा पहिल्याच निदानाला मान डोलावतात.

आम्ही बुखारीपाशी बसून बाहेरून आत असा क्रम धरला. चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. आत साठून राहिलेला चार्ज त्यानं निघून जातो आणि कित्येक 'मेलेले' लॅपटॉप एवढ्यावरच उठतात. मग तेवढ्याच व्होल्टेजचा, तीच पिन असलेला दुसरा चार्जर लावला. पंखा फिरत असता आणि पडदा तेवढा काळा असता तर बाहेरचा मॉनिटर जोडून पाहिला असता. इथे दिवाही लागेना. शेवटी पाठ उघडली, बॅटरीची वायर सोडवली, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. फरक शून्य.

चार्जरच्या जॅकजवळ मात्र बोर्डावर हिरवट-पांढरे डाग दिसले.

"साहेब, गाडीतून आणल्या आणल्या चालू करत होता का?"

"हो सर, रोजच."

उणे तापमानातून आणलेलं यंत्र उबदार खोलीत उघडलं की आतल्या थंड धातूवर दव धरतं. दव आणि वीज एकत्र आली की बोर्ड गंजतो. इकडे पोस्टिंगवर येणाऱ्यांनो, लॅपटॉप बॅगेतच दोन-तीन तास राहू द्या, मग उघडा. गोठलेली बॅटरी चार्जिंगला तर लावूच नका.

म्हणजे दुकानदाराचा अंदाज बरोबर निघाला. तरीही मी म्हणालो, "बावीस हजार देऊ नका." दोष कळणं आणि खर्च करणं हे दोन वेगळे निर्णय आहेत.

माझा हिशेब साधा आहे. लॅपटॉप पाच वर्षांपुढचा असेल आणि बोर्डाचा खर्च तशाच नव्या यंत्राच्या निम्म्याहून जास्त असेल, तर बोर्ड बदलू नये. नव्या बोर्डाभोवती बॅटरी, बिजागरी, पडदा जुनेच राहतात. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीकडे जावं. नसेल तर चिप लेव्हलचं काम करणारा कारागीर गाठावा. बिघडलेला एखादा भाग बदलून भागलं तर अख्खा बोर्ड घ्यायची गरजच नाही.

साहेबांना खरं तर लॅपटॉप नको होता, फोटो हवे होते. ते बोर्डात नव्हते, एसएसडीत होते. चार स्क्रू काढून ती काढली, काहीशे रुपयांच्या केसमध्ये घालून माझ्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर बिटलॉकरनं ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मायक्रोसॉफ्टचं खातं मुलीनं उघडून दिलेलं. तिला फोन लावला. तिनं खात्यात शोधून एकेक आकडा सांगितला, साहेबांनी कागदावर लिहून घेतला. फोटो उघडले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

बोर्ड बदलला असता तरी हीच की लागली असती. म्हणून ती आजच वहीत उतरवून ठेवा. काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डालाच जोडलेलं असतं. तिथे डेटासाठी बोर्ड दुरुस्त करावाच लागतो आणि माझा हिशेब लागू पडत नाही. दुकानात यंत्र देताना डिस्क निघत असेल तर काढून घ्या. घरच्या लॅपटॉपवर सरकारी कागद नसावा, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारीत साहेब रजेवर गेले. फोटोंच्या दोन प्रती सोबत नेल्या, बावीस हजार खिशातच राहिले.

जय हिंद.