खाण तशी माती, आणि कुणीच न घेतलेलं शिंगरू

रेसच्या घोड्यांची थोडीफार आवड असलेल्या कुणाशीही दहा मिनिटं बोला, 'शेवटी रक्त बोलतं हो' हे वाक्य येतंच. पाठोपाठ पुराव्यादाखल एक नाव येतं: नॉर्दर्न डान्सर. विसाव्या शतकातला सगळ्यात प्रभावी स्टॅलियन. पोरं, नातवंडं, पतवंडं जगभर धावतायत आणि जिंकतायत. खाण तशी माती, विषय संपला.

हा युक्तिवाद माझ्या डोक्यात जातो. एक तर हीच मंडळी सोमवारी ऑफिसात येऊन कॉलेजचं नाव बघून रेझ्युमे चाळतात (असो, तो वेगळा विषय, त्यावर लिहायला लागलो तर हा वीकांत पुरणार नाही). पण मुख्य कारण असं की नॉर्दर्न डान्सरची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्या उलट्या गोष्टीतून सोयीचा धडा काढून पैदाशीच्या धंद्याने जे करून ठेवलंय, त्याचं बिल घोडे भरतायत.

जन्म २७ मे १९६१, कॅनडात ओंटारियोमधल्या ओशावा इथे, ई. पी. टेलर या बड्या उद्योगपतीच्या विंडफील्ड्स फार्मवर. बाप निआर्क्टिक, आई नताल्मा. आता हा 'थोर संयोग' जुळला कसा ते बघा. १९६० मध्ये नताल्मा केंटकी ओक्स या मोठ्या शर्यतीची तयारी करत होती, तेवढ्यात तिचा गुडघा गेला. करिअर खलास. पैदाशीचा हंगामही संपत आलेला. मग उरलेल्या दिवसांत तिला घरच्याच निआर्क्टिककडे नेलं. म्हणजे ज्या वंशावळीवर लोक आज ग्रंथ लिहितात, ती एका दुखावलेल्या गुडघ्यामुळे जमलेली आहे. अर्थात निआर्क्टिकचा बाप निआर्को होता आणि नताल्माचा नेटिव्ह डान्सर, दोन्ही दिग्गज. रक्त मामुली होतं असं मी म्हणत नाहीये. पण तसंच भारी रक्त असलेली शिंगरं त्या काळात ढिगाने जन्मत होती, त्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत.

उशिरा गाभण राहिलेली घोडी उशिरा विणार. उत्तर गोलार्धातल्या तमाम थरोब्रेड घोड्यांचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी. (आपल्याकडे गुरुजींनी अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लावून टाकली, तसंच.) त्यामुळे मे अखेरीस जन्मलेलं पोर आपल्याच वर्गातल्या फेब्रुवारीच्या पोरांपेक्षा कायम तीन-चार महिने मागे. त्यात हे मुळातच बुटकं. पूर्ण वाढ झाल्यावरही खांद्यापाशी जेमतेम पाच फुटांच्या वर.

टेलरची पद्धत अशी की दरवर्षी आपल्या सगळ्या एक वर्षाच्या शिंगरांवर ठरावीक किंमत लावायची आणि गिऱ्हाइकांना म्हणायचं, घ्या निवडून. १९६२ मध्ये नॉर्दर्न डान्सरवर २५,००० डॉलरची चिठ्ठी होती. वंशावळीचा कागद तोच, जो आज सुवर्णाक्षरांत छापतात. तो वाचून, घोडा बघून, जाणकार मंडळी पुढे निघून गेली. कुणीही घेतला नाही! नाइलाजाने टेलरने स्वतःकडे ठेवला.

पुढे तर याहून भारी. घोडा तापट, ऐकेना. ट्रेनर होरेशियो लुरोने सुचवलं की याला खच्ची करून टाकू. टेलर नाही म्हणाला. बस, एवढंच. आज ज्या वंशाशिवाय थरोब्रेडची कल्पनाच करता येत नाही, तो एका माणसाच्या एका 'नाही'वर टिकला. प्रॉडक्शन डेटाबेसवर डिलीट मारायला बोट टेकलेलं, आणि बॅकअप शून्य.

शर्यतींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती बाजू सगळ्यांना पाठ असते. १९६४ च्या वसंतात त्याच्यावर बसून शर्यती जिंकलेला नामांकित जॉकी बिल शूमेकर केंटकी डर्बीसाठी त्याला सोडून हिल राइजकडे गेला. म्हणजे तज्ज्ञांचा अंदाज चुकण्याची ही तिसरी वेळ. २ मे १९६४ ला बिल हार्टॅकने नॉर्दर्न डान्सरला हिल राइजच्या मानभर पुढे काढून डर्बी जिंकली, वेळ बरोबर दोन मिनिटं. हा विक्रम १९७३ मध्ये सेक्रेटेरियट येईपर्यंत टिकला. खऱ्या वयाने घोडा तेव्हा तीन वर्षांचाही झाला नव्हता. मग प्रीकनेस जिंकली, बेलमाँटमध्ये तिसरा आला, घरी कॅनडात जाऊन क्वीन्स प्लेट जिंकली, आणि पायाच्या स्नायुबंधाने दगा दिला. एकूण १८ शर्यती, १४ विजय, दोनदा दुसरा, दोनदा तिसरा. पहिल्या तिनाच्या बाहेर कधीच नाही.

१९६५ मध्ये स्टॅलियन म्हणून त्याची फी होती १०,००० डॉलर. १९६७ ला जन्मलेला त्याचा मुलगा निजिन्स्की आयर्लंडमध्ये व्हिन्सेंट ओब्रायनच्या हाताखाली तयार झाला आणि १९७० मध्ये त्याने इंग्लिश ट्रिपल क्राउन जिंकला. त्यानंतर आजतागायत कुणाला तो जमलेला नाही. इथून बाजाराला साक्षात्कार झाला की अरेच्चा, रक्त बोलतं! जे रक्त २५,००० ला नको होतं तेच. ऐंशीच्या दशकात फी दहा लाख डॉलरवर पोचली, तीही घोडी गाभण राहील याची हमी न देता. १९८३ मध्ये केंटकीच्या कीनलँड लिलावात त्याचा एक मुलगा, स्नाफी डान्सर, १ कोटी २ लाख डॉलरला शेख मोहम्मद यांनी घेतला. तो एकही शर्यत धावला नाही. ठीक आहे म्हटलं, पैदाशीला वापरू. तिथेही जननक्षमतेचा घोळ निघाला, आयुष्यात फक्त चार शिंगरं झाली. बापाला २५,००० ला गिऱ्हाईक नाही आणि पोराला एक कोटीला आहे. दोन्ही वेळा किंमत लावणारे तेच 'रक्त वाचणारे' लोक.

आता तुम्ही म्हणाल, अरे पण त्याची बाकीची पोरं चमकली ना? चमकली की. १४० हून जास्त मुलं-मुली स्टेक्स म्हणजे वरच्या दर्जाच्या शर्यती जिंकल्या, सॅडलर्स वेल्स, डॅन्झिग, नुरेयेव्ह, लिफार्ड हे तर स्वतः मोठे स्टॅलियन झाले. घोडा अस्सल होता यात वाद नाही. माझं भांडण घोड्याशी नाहीच, बाजाराशी आहे. एक सर्व्हर उत्तम चालतोय म्हणून सगळी सिस्टीम त्याच्यावर नेऊन ठेवणाऱ्या आर्किटेक्टला आपण काय म्हणतो? इथे त्याला द्रष्टा ब्रीडर म्हणतात.

उदाहरण देतो. २०१९ ची एप्सम डर्बी. १३ घोडे धावले. त्यातले १२ गॅलिलिओचे मुलगे, नातू किंवा पणतू. गॅलिलिओ हा सॅडलर्स वेल्सचा मुलगा, म्हणजे नॉर्दर्न डान्सरचा नातू. राहिला तेरावा, सर ड्रॅगोनेट. त्याचा बाप कॅमेलॉट, आणि कॅमेलॉट कोण? सॅडलर्स वेल्सचाच नातू! शर्यत कसली, घरगुती मुंज म्हणा. २०२० मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी जगभरातल्या दहा हजारांहून जास्त थरोब्रेड घोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९७ टक्के घोड्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर सापडला. भारतही यात आहे बरं का. १९९० च्या एप्सम डर्बीत भाव खाऊन मागे पडलेला त्याचा मुलगा रझीन पुढे इथे उषा स्टडवर आला आणि वर्षानुवर्षं देशातल्या आघाडीच्या स्टॅलियनांत राहिला.

थरोब्रेड ही बंद नोंदवहीची जात आहे, तीनेकशे वर्षांपूर्वीच्या मोजक्या घोड्यांपासून आलेली. बाहेरून नवं रक्त आणायची सोयच नाही. आत जे वैविध्य आहे तेवढंच, ते एकदा गेलं की गेलं. २०२२ मध्ये त्याच डब्लिनच्या गटाने दाखवलं की इनब्रीडिंग १० टक्क्यांनी वाढलं की घोडा कधी तरी शर्यतीत उतरण्याची शक्यता ७ टक्क्यांनी घटते. जिंकण्याची नव्हे, नुसती धावण्याची. आकडा छोटा वाटतो, पण हजारोंनी जन्मणाऱ्या शिंगरांना लावून बघा. जो धावत नाही त्याचं पुढे काय होतं, यावर लिलावाच्या कॅटलॉगमध्ये पान नसतं.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे एनेबल. २०१७ आणि २०१८ ची आर्क द त्रिऑम्फ जिंकणारी अफाट घोडी. तिच्या बापाचा आजोबा सॅडलर्स वेल्स आणि आईचा बापही सॅडलर्स वेल्स. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न चालवून घेणारे लोकही इथे जरा थबकतील. तर हे बघा, म्हणतात, जवळचं रक्त आणि तरी चॅम्पियन! अहो, लॉटरी लागलेल्या माणसाची मुलाखत घेऊन तिकिटं विकण्यातला हा प्रकार. तशीच जुळणी करून जी घोडी गोठ्याबाहेर आलीच नाही, तिचं नाव तुम्हाला कोण सांगणार?

आणि गंमत म्हणजे हाच धंदा स्वतःला परंपरेचा रक्षक म्हणवतो. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला बंदी आहे, समागम प्रत्यक्षच व्हायला हवा. उत्तम नियम, एका घोड्यावर आपोआप मर्यादा येते, नाही का? तर यांनी काय केलं, स्टॅलियनला विमानात घातलं. उत्तर गोलार्धातला हंगाम संपला की ऑस्ट्रेलियात दुसरा हंगाम. डॅन्झिगचा मुलगा डेनहिल याच पद्धतीने दोन गोलार्धांत पसरला. नियमाचं अक्षर पाळलं, हेतू खड्ड्यात.

मे २०२० मध्ये अमेरिकेच्या जॉकी क्लबला उशिराने का होईना जाग आली. २०२० पासून पुढे जन्मलेल्या स्टॅलियनांना वर्षाला जास्तीत जास्त १४० घोड्या, असा नियम त्यांनी केला. कारण स्वच्छ दिलं होतं: जनुकीय वैविध्य घटतंय. १४० म्हणजे काही उपासमार नव्हे! पण केंटकीतल्या तीन बड्या फार्मांनी २०२१ मध्ये कोर्टात धाव घेतली, व्यापारावर गदा येते म्हणून. तिथल्या विधिमंडळातही नियमाविरुद्ध विधेयक आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये जॉकी क्लबने नियम गुंडाळला.

नॉर्दर्न डान्सर १९९० मध्ये गेला. वीसहून जास्त हंगाम स्टॅलियन म्हणून काढले आणि सगळी मिळून शिंगरं झाली साडेसहाशेच्या आसपास. आजचा मागणीतला स्टॅलियन तेवढ्या घोड्या तीन-चार हंगामांत उरकतो.