होऽऽ बाई!

परवा माळा आवरताना जुना मोडेम सापडला. सोबत त्याची जाड केबल, एका टोकाला पंचवीस पिना, दुसऱ्या टोकाला नऊ भोकं. नातू म्हणाला, "आजी, भंगारात टाकू?" मी म्हटलं, थांब जरा.

मंडळी, विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. आमच्या मुलुंडच्या घरी ते १९९८ साली आलं. काळा पडदा आणि त्यावर नुसती अक्षरं. अमेरिकेतल्या धाकट्या बहिणीला मी रोमन लिपीत लांबलचक पत्र आधी लिहून ठेवलं आणि एकदम पाठवलं. तिचं उत्तर आलं, "ताई, मधलं तुटलंय. आईचं ऑपरेशन झालं की व्हायचंय?"

पुतण्या तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला, "काकू, कॉम्प्युटर मोडेमला सेकंदाला १,१५,२०० बिट देतोय. मोडेमला फोनवरून जेमतेम ३३,६०० पुढे ढकलता येतात. भरलेल्या तांब्यात ओतत राहिलं तर सांडणारच."

यावर उपाय त्या केबलमध्येच होता. १९६० सालच्या आरएस-२३२ मानकात अक्षरं नेणाऱ्या तारांखेरीज सीटीएस नावाची एक तार असते. ती मोडेमच्या ताब्यात. जागा आहे तोवर ती सांगते, 'पाठव'. जागा भरत आली की मोडेम तो इशारा काढून घेतो आणि कॉम्प्युटर थांबतो. उलट दिशेने असंच थांबवायला आरटीएस. आमच्याकडे हे सेटिंगच बंद होतं.

मला मात्र माझा वर्ग आठवला. समास शिकवून झाला की मी विचारायची, "समजलं का?" साठ मुलं एका सुरात, "होऽऽ बाई!" की मी पुढे. पोर्शन संपवायचा असायचा ना! शेवटच्या बाकावरचा एक मुलगा नववीत नापास झाला आणि त्याने शाळा सोडली. पुढे कित्येक वर्षांनी स्टेशनबाहेर भेटला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "बाई, तुम्ही छान शिकवायचात. फक्त फार भरभर."

मोडेम भिडेखातर 'हो' म्हणत नाही. मुलं म्हणतात. भीतीपोटी म्हणतात, शेजारचा हसेल म्हणून म्हणतात. ती चूक त्यांची नव्हे. 'थांबा' म्हणायची तार वर्गात जोडणं हे शिक्षकाचं काम, आणि ते मी केलं नाही. आता व्हॉट्सॲपवर गृहपाठ जातो, निळ्या खुणा येतात. त्या खुणा निरोप उघडल्याचं सांगतात, कळल्याचं नाही.

वाचकांत कुणी शिक्षक असतील तर एवढंच सांगते: "समजलं का?" विचारू नका. "आता तू मला सांग" म्हणा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पोर्शन दोन धडे मागे राहील. राहू दे.

असो. केबल ठेवून घेतली आहे. नातवाला हे सगळं सांगितलं आणि सवयीने विचारलं, "समजलं का?"

"हो आजी," तो म्हणाला. मोबाईलमधून मान वर न करता.