बारावीनंतर एक वर्ष थांबलं, तर काय बिघडलं?



जून महिना लागला की आपल्याकडं एक प्रश्न ठरलेला असतो. बस्तीच्या पायरीवर, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं तोच. "मुलाला कुठं घातलं?" यंदा माझ्या धाकट्या जावेला कुणी हे विचारलं की ती विषय बदलते. तिच्या मुलाला ऑटिझम आहे, मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात. बारावी होऊन वर्ष झालं आणि तो सध्या कुठल्याच कॉलेजात नाही. तिला उत्तर द्यायला लाज वाटते. मला वाटत नाही, म्हणून मीच लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. अशा मुलांना बारावीनंतर एक वर्ष मुद्दाम थांबवावं. मात्र ते वर्ष शाळेच्या वर्षासारखंच आखून द्यावं.

हे शहाणपण आम्हाला चुकून सुचलं. मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, तो कॉमर्स घेऊन बारावी पास झाला तेव्हा घरात पेढे वाटले आणि आठवड्यात शेजारच्या शहरातल्या कॉलेजात नाव घातलं. पहिला उत्साह माझाच. मी स्वतः बी.कॉम., पुतण्यानंही व्हावं असं वाटलं. कॉलेज तीन आठवडे टिकलं. आज या खोलीत तास, उद्या त्या खोलीत, सर आले नाहीत तर तासच नाही. घाबरला की तो हात झटकतो. पोरांनी त्याचे व्हिडिओ काढले. एक दिवस तो कानांवर हात ठेवून दोन तास बाथरूममध्ये उभा होता. त्यानंतर सकाळी दारात बूट दिसले तरी ओरडायचा. फी गेली त्याचं काही नाही. पण बारा वर्षांत कमावलेला बोलण्याचा धीर गेला, तो परत यायला दिवाळी उजाडली.

नंतर मी शांतपणे विचार केला. शाळेत एकच फाटक, एकच बाक, ओळखीच्या बाई. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शाळेचा हक्क आहे तो ६ ते १८ वर्षांपर्यंत. अठरावा वाढदिवस झाला की वेळापत्रक संपलं. इतर मुलं ही पायरी उडी मारून चढतात. या मुलांना मधे एक पायरी बांधून द्यावी लागते.

अमेरिकेत अशी पायरी बांधलेली आहे. सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात १९९६ मध्ये 'प्रोजेक्ट सर्च' सुरू झाला. तिथल्या आपत्कालीन विभागात सामान भरून ठेवायच्या कामासाठी माणसं हवी होती, ती बौद्धिक आणि विकासात्मक अपंगत्व असलेल्या तरुणांमधून का घेऊ नयेत, असा विचार त्यामागं होता. आता अशी मुलं शाळेचं शेवटचं वर्ष खऱ्या कामाच्या जागी काढतात आणि वर्षात साधारण तीन वेगवेगळी कामं शिकतात. आपल्या मुंबईतही जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टचं कॅफे अर्पण आहे. तिथं अशीच तरुण मंडळी स्वयंपाक करतात, वाढतात आणि पगार घेतात.

आमच्या जयसिंगपुरात यातलं काही नाही. मग आम्ही घरापासून सुरुवात केली, आणि मैत्रिणींनो, माझ्या लक्षात आलं की आपलं जैन घर या मुलांसाठी फार चांगली शाळा आहे. स्वमग्न मुलाला काय हवं असतं? ठरलेली वेळ आणि ठरलेला क्रम. आपल्याकडं दुसरं काय असतं? सकाळी दुहेरी फडक्यातून पाणी गाळायचं, ते काम त्याचं. धान्य निवडायचं, तेही त्याचं. सूर्यास्ताच्या आत जेवण, म्हणून रोज कॅलेंडर बघून सूर्यास्ताची वेळ तो फळ्यावर लिहितो आणि त्यावरून मला कुकर लावायला सांगतो. पूजेच्या ताटातली अष्टद्रव्यं तो जलापासून फळापर्यंत क्रमानं मांडतो. माझा क्रम दोनदा चुकला, त्याचा नाही.

मग घराबाहेर. शिरोळच्या एसटीत आधी आई शेजारी बसली, मग मागच्या सीटवर, मग नुसती स्टँडवर उभी राहिली. एकट्यानं जाऊन यायला त्याला चार महिने लागले. आणि माघापासून काम. माझ्या चुलत दिरांच्या वह्या-पेनांच्या दुकानात अकरा ते एक, रोजचे शंभर रुपये. एकदा त्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं, "हेच पेन पुढच्या दुकानात दोन रुपयांनी स्वस्त आहे." सत्य अणुव्रतावर आपण स्वाध्याय करतो, तो ते पाळतो! गिऱ्हाईक गेलं, पण भाऊजी हसले. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडं माल मोजायचं आणि लावायचं काम दिलं. स्टॉकच्या वहीत आता चूक सापडत नाही.

कागदपत्रंही याच वर्षात करून घ्या. यूडीआयडी कार्ड काढा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. आणि पुष्कळ जणींना माहीत नसतं ते सांगते. मूल अठराचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो.

यावर दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. एक म्हणजे, "थांबवलं की मूल कायमचं घरी बसतं." हे खरं आहे. आखणी नसेल तर तसंच होतं, आणि एका वर्षाची दहा वर्षं होतात. म्हणून तारखा घाला, वही ठेवा, दर महिन्याला काय जमलं ते लिहा. पदवी कुठं पळून जात नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे.

दुसरी गोष्ट हळू आवाजात बोलतात. "पूर्वकर्म, दुसरं काय!" जावेला हे बस्तीतच ऐकावं लागलं. त्या रात्री ती म्हणाली, "अक्का, उद्यापासून मी मंदिरात येत नाही." बायांनो, कर्मसिद्धांत आपला आपण आरसा म्हणून धरायचा असतो. दुसऱ्याच्या लेकराच्या कपाळावर शिक्का मारायला तो सांगितलेला नाही. जीवांनी एकमेकांना आधार द्यायचा, हे आपल्या प्रतीकाखालीच लिहिलेलं असतं. ते वाचून आपण आई-मुलाला मंदिरापासून तोडत असू, तर पाप कुणाला लागतं?

असं वर्ष एकट्या आईनं ओढायचं नसतं. आमच्या जावेचं शिवणकाम या वर्षात बंद पडलं, ते मला खुपतं. म्हणून मागणं आहे. आपल्यातल्या किती घरांची दुकानं आहेत! दिवसाला दोन तास एका मुलाला द्या. आठवड्यातली एक दुपार त्या आईला मोकळी करून द्या. पर्युषणात एका सकाळचा अभिषेक स्पीकर न लावता होऊ द्या, म्हणजे ही मुलंही उभी राहू शकतील.

पुढं मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरायचा की दुकानाचे तास वाढवायचे, हे अजून ठरलेलं नाही. या वेळी त्यालाच विचारतोय, आणि त्यानं उत्तरासाठी दिवाळीपर्यंतचा वेळ मागितलाय.

परवा पायरीवर एका काकूंनी जावेऐवजी सरळ त्यालाच विचारलं, "काय करतोस रे बाळ?" तो म्हणाला, "अकरा ते एक दुकान. मग जेवण. आज सूर्यास्त सात वाजून बारा मिनिटांनी." जाऊ शेजारीच उभी होती. तिनं विषय बदलला नाही.