घरात एक वकील हवा

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर आखातातली नोकरी, एवढ्याच गोष्टी बोलल्या जातात. मुलीने 'मला वकील व्हायचंय' म्हटले, तर मोठी माणसे गप्प होतात. वकिली म्हणजे खोटे बोलण्याचा धंदा, कोर्टकचेरी हे मुलीचे काम नव्हे आणि पैसा कधी मिळणार याचा भरवसा नाही, अशा तीन शंका असतात. त्यांवर आज आपण थोडे बोलू या.

पहिली शंका हलाल रोजीची. सूरह निसाच्या 135व्या आयतीत इन्साफवर ठाम राहण्याचा आदेश आहे, मग साक्ष स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरुद्ध का जाईना. खोटा पुरावा उभा करणे दीनमध्येही गुन्हा आणि कायद्यानेही गुन्हा. पण आरोपीच्या बाजूने उभे राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. अटकेनंतर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले का, पंचनाम्यावर सह्या कुणाच्या, साक्षीदार खरा आहे का, हे विचारणे वकिलाचे काम आहे.

हे विचारणारे कुणी नसले की काय होते, ते 1979 साली देशाने पाहिले. बिहारच्या तुरुंगांत गरीब कच्चे कैदी खटला सुरू न होताच वर्षानुवर्षे पडून होते. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काहींनी आत काढला होता. वर्तमानपत्रातील लेख वाचून वकील पुष्पा कपिला हिंगोरानी सुप्रीम कोर्टात गेल्या. खटला लवकर चालणे आणि गरीब आरोपीला मोफत वकील मिणे हा हक्कच आहे, असे कोर्टाने ठरवले. हजारो कैदी सुटले. तो खटला आजही हुसैनारा खातून या एका गरीब कैदी बाईच्या नावाने शिकवला जातो.

मुंबईचे ॲड. शाहिद आझमी यांची आठवण इथे येतेच. तिहार तुरुंगात काही वर्षे काढून आलेला हा तरुण वकील झाला आणि ज्यांचे वकीलपत्र घ्यायला कुणी धजत नव्हते, त्यांच्यासाठी उभा राहिला. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातील कार्यालयात त्यांची हत्या झाली. 26/11 खटल्यात ते ज्याची बाजू मांडत होते, तो आरोपी त्याच मे महिन्यात निर्दोष सुटला. ज्या न्यायालयाने कसाबला फाशी सुनावली, त्याच न्यायालयाने त्याला सोडले. सुप्रीम कोर्टापर्यंत तो निकाल टिकला.

दुसरी शंका मुलींची. केरळच्या फातिमा बीवी यांना कायद्याकडे वळवले ते त्यांच्या वडिलांनी. 1950 साली त्यांनी सनद घेतली, मुन्सिफपासून सुरुवात केली आणि 1989 मध्ये त्या सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. शिवाय पोटगीचा किंवा मारहाणीचा विषय घेऊन आलेली आपली बहीण पुरुष वकिलापुढे निम्मे बोलते आणि निम्मे गिळते. तिच्यासाठी कोर्टात बाई वकील हवी.

तिसरी शंका मात्र खरी आहे. सुरुवातीची काही वर्षे ज्युनिअरच्या हाती जेमतेम प्रवासखर्च येतो. इथेच आपली हुशार मुले टिकत नाहीत. लग्नाच्या हॉलवर खर्च करणारे घर ही वर्षे निभावू शकते. ज्या घराला ते जमत नाही, त्याच्यासाठी जमातीने हात पुढे करावा.

वाट अवघड नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी राज्याची लॉ सीईटी द्यावी लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट असते. सनदेची नोंदणी फी सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपयांहून जास्त घेता येणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये बजावले आहे. न्यायाधीश व्हायचे असेल, तर 2025च्या निकालानुसार आधी तीन वर्षे वकिली हवी.

एक गोष्ट आताच सर्वांनी लक्षात ठेवावी. महिला, मुले, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतर गरिबांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा.

आणि आपल्या घरचा वकील फक्त आपल्याच मोहल्ल्याचा नसावा. पारधी वस्तीवरून उचललेला पोरगा, मजुरी बुडालेला ऊसतोड कामगार, जमिनीवरून हुसकावलेली आदिवासी बाई, यांच्यामागेही त्याने उभे राहावे. इन्साफ मागताना जात-धर्म विचारायचा नसतो. अल्लाह आपल्या मुलामुलींना ही हिंमत देवो आणि आपल्याला त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची तौफिक देवो. आमीन.